पहिली अट

१

दुपारची जेवणं उरकली की शेषराव ओसरीवर आडवे व्हायचे, आणि सपना मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. एप्रिलच्या दुपारी कुरुंद्यात दुसरं करण्यासारखं असतं तरी काय? हळदी शिजल्या, वाळल्या, घासून बाजारात गेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरच्या सावलीत जीभ काढून पडलेली. वसमतला ज्या क्लासमध्ये सपना कॉम्प्युटर शिकवायची, त्याला सुट्ट्या लागल्या होत्या. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात बापलेक दोघंच.

लॅपटॉपवर तिचं एकच काम चाले. लढाईचा एक जुना गेम होता. त्यात आपला नकाशा आपणच बनवायचा, आपलेच नियम घालायचे आणि जगभरातल्या पोरांना खेळायला सोडून द्यायचा. तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं, रत्नपालनं, दोन उन्हाळे खपून लपाछपीचा एक नकाशा बनवला होता. एकानं हुडकायचं, बाकीच्यांनी लपायचं. सगळे सापडले की खेळ संपला. आणि लपायला जागा कुठली? तर त्यांचं स्वतःचंच घर. रत्नपालनं टेप घेऊन भिंतीन् भिंत मोजली होती. ओसरी, मधली खोली, उत्तरेला स्वयंपाकघर, दक्षिणेला हौदाचं अंगण, आणि मागं पश्चिमेला हळदीची खोली. घर रत्नपालनं उभारलं, पण त्यात जीव सपनानं घातला होता. दार कधी वाजावं, दिवा कधी विझावा, हे सगळे नियम तिचे. त्यांना म्हणायचं ट्रिगर.

रत्नपाल नोकरीला पुण्याला गेला. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, 'माझा नकाशा लवकरच येतोय.' कोणीतरी तो खेळून पाहिला आणि तक्रार केली, की फार अडकतो. त्यावर रत्नपालचं उत्तर होतं, 'ट्रिगर बहिणीनं लिहिलेत, सांगतो तिला.'

सपनानं ते वाचलं आणि तिच्या कानशिलातून जाळ निघाला. नकाशा त्याचा, आणि चुका बहिणीच्या!

२

पण अडकत होता हे खरं. रागारागानं का होईना, ती कामाला लागली.

ट्रिगरमध्ये अटी एकाखाली एक लिहायच्या असतात. गेम वरून खाली तपासत येतो. पहिलीच अट खोटी निघाली, तर खालच्या तो बघतही नाही. म्हणून स्वस्तातली अट वर ठेवावी आणि महागातली तळाला. दाराला कडी आहे की नाही हे लांबूनच दिसतं. पण खोलीत कोणी आहे का, हे बघायला खोलीभर फिरावं लागतं. मग आधी कडी बघावी. कडी लागलेली असेल तर आत डोकावायचं कारणच काय?

हळदीच्या खोलीच्या ट्रिगरमध्ये नेमकं उलटं झालं होतं. 'खोलीत कोणी आहे का' ही अट सगळ्यात वर. म्हणजे खेळ सुरू झाल्यापासून गेम क्षणाक्षणाला त्या बंद खोलीत डोकावत होता. अडकेल नाही तर काय! आपण असं कसं लिहिलं, याचं तिला नवल वाटलं. तिनं ती अट ओढून तळाला नेली, जतन केली आणि खेळून पाहिलं. नकाशा तेल घातल्यासारखा पळाला.

दुसऱ्या दुपारी उघडला, तर पुन्हा अडखळायला लागला. ट्रिगर काढून पाहिला. 'खोलीत कोणी आहे का' पुन्हा पहिल्या जागेवर बसलेली.

ही फाइल दोघांच्यात होती. तिच्याशिवाय ती उघडू शकणारं माणूस एकच. तिनं लगेच फोन लावला.

३

"रत्न्या, ट्रिगरला हात काहून लावलास?"

"कोणत्या?"

"भोळा बनू नको. हळदीच्या खोलीचा. ती अट वर कोणी नेली?"

"मी फाइल उघडली बी न्हाई, ताई. हितं ऑफिसात मरून राहिलो मी."

"नाव लावायला बरा टाइम भेटतो? 'माझा नकाशा' म्हणायला?"

रत्नपाल आधीच तापट. पुण्याच्या गर्दीनं तो तापटपणा आणखी पेटवला होता. "माझा न्हाई तर कोणाचा? भिंती मोजून मोजून गुडघे फुटले माझे! तू पंख्याखाली बसून बटणं दाबली!"

"बटणं? बाबांचं औषधपाणी कोण बघतं? शेताकडं कोण जातं? तू गेलास तिकडं मोकळा होऊन, अन् वरून मलाच नावं ठेवतोस?"

"तर मग ठेव तुझा नकाशा उरावर! अन् तुला काय वाटतं, मला काय हौस हाय हितं..."

तिनं फोन कापला. त्याच सपाट्यात तिनं फाइलवरचा त्याचा हक्क काढून टाकला, पासवर्डही बदलला. अट पुन्हा तळाला नेली आणि लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. बरं झालं, असं तिला वाटलं. रागाचंही एक समाधान असतं. ते उरात घेऊनच ती त्या रात्री झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कपाटातून लॅपटॉप काढला. अट सगळ्यात वर होती.

४

सपना घाबरली नाही. आधी चिडली. यंत्राची मस्ती यंत्राच्याच भाषेत उतरवायची हे तिला ठाऊक होतं. अट वर जाते ना? जाऊ दे. पण ती काय बघते ते मला कळू दे. तिनं गेमला सांगितलं, की खोलीत जितके सापडतील तो आकडा पडद्यावर दाखव. मग एकटीच खेळायला बसली. आपला माणूस अंगणात, हौदापाशी उभा केला. दुसरं कोणीच नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली. *आत: १.*

ती हसली. काहीतरी राहिलं असणार. मागच्या खेळात मेलेला एखादा माणूस मोजणीत धरला असेल. तिनं मेलेले वगळले. *आत: १.* मग खोलीची हद्द भिंतीबाहेर सांडली असेल, बाहेरचं एखादं झाड मोजलं जात असेल. तिनं हद्द आत ओढली. *आत: १.* रत्नपालनं सजावटीला म्हशी ठेवल्या होत्या. तिनं सगळ्या म्हशी काढल्या. अंगणातलं कोंबडंसुद्धा काढलं. सगळा नकाशा उजाड केला. नुसतं घर उरलं, आणि हौदापाशी तिचा एक माणूस.

*आत: १.*

पंखा गरगरत होता. ओसरीवर बाबांचं घोरणं चालू होतं. भिंतीपलीकडं खरी हळदीची खोली होती. दाराला कडी, आत जुनी पोती आणि एक फुटकी कढई. सपनाची पाठ त्या भिंतीकडं होती. आपण खुर्ची कधी फिरवली हे तिचं तिलाच कळलं नाही.

५

"भूतबित काही नसतं." हे वाक्य त्या घरात मिठासारखं होतं. शेषराव एसटीत कंडक्टर होते तेव्हापासून ते सांगत आलेले. आजोबांनी दीक्षा घेतली, त्याच दिवशी या घरातून अंगारे-धुपारे कायमचे गेले. सपनालाही शंका नव्हती. गेममध्ये काही चुकलं असेल, तर ती चूक सापडते. शोधत राहिलं पाहिजे, इतकंच.

म्हणून तिनं आणखी एक गोष्ट विचारली. आत जो कोणी आहे, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

*तोंड: पूर्वेकडं.*

पूर्वेला मधली खोली. गेममधली मधली खोली रिकामी होती. तिचा माणूस दक्षिणेला अंगणात होता. मग हा पूर्वेला काय बघतोय?

तिला तहान लागली. लॅपटॉप हातात तसाच धरून ती स्वयंपाकघरात गेली, तो ओट्यावर ठेवला आणि माठातलं पाणी घेतलं. पिता पिता नजर पडद्यावर गेली.

*तोंड: उत्तरेकडं.*

पेला हातातच राहिला. गेममधला माणूस तिनं हलवला नव्हता. जागची हलली होती ती सपना स्वतः.

तिनं लॅपटॉप उचलला आणि बाहेर आली. उन्हानं अंगण पांढरं झालेलं. अनवाणी पाय पोळत होते. हौदापाशी येऊन तिनं पदराची सावली पडद्यावर धरली. अक्षरं नीट दिसायला थोडा वेळ लागला.

*तोंड: दक्षिणेकडं.*

ती पुन्हा मधल्या खोलीत आली. *पूर्वेकडं.* पुन्हा स्वयंपाकघरात. *उत्तरेकडं.* तिनं हे इतक्या वेळा केलं, की शेवटी तळपायांना फोड आले. एकदा तरी चुकावं, एवढंच तिला हवं होतं. एकदाही चुकलं नाही.

६

बघता बघता तिच्या भीतीचा संताप झाला. आपल्याच घरात, भर दुपारी, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवतं म्हणजे काय? ती तरातरा हळदीच्या खोलीपाशी गेली. कडीला हात घालण्याआधी दाराच्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

छताच्या झरोक्यातून उन्हाचा एक दांडा आत पडला होता. त्यात पिवळी धूळ तरंगत होती. भिंतीला पोत्यांची रास. राशीच्या कडेला एक पोतं दुमडून ठेवलेलं, हळदीनं माखलेलं. दुमडलेल्या कोपरासारखं दिसत होतं ते.

मग ते कोपर आत ओढलं गेलं.

मागून कोणीतरी तिचं मनगट धरलं. तिच्या तोंडून किंकाळी निघाली. शेषराव होते. झोपेतून उठून आलेले, बनियनवर.

"काय बघून राहिलीस?"

"आत कोण हाय, बाबा?"

"कडी लागलेली हाय ना?" शेषराव म्हणाले. "कडी लागलेली असली, की आत बघायचं न्हाई."

"म्हंजे तुमाला ठाऊक हाय!"

"मला काईच ठाऊक न्हाई. माझ्या बापालाबी न्हवतं." त्यांनी नजर खाली केली. "आपण भूतबित मानत न्हाई, पोरी. पण म्हनून बघायलाच पायजे, असं कुठं हाय? कडी बघायची, अन् सरळ फुडं जायचं. आमी जल्मभर तसंच केलं. कोणाला तकलीफ झाली न्हाई."

"अन् आमाला सांगितलं काहून न्हाई? त्या पोरानं टेप घेऊन ती खोली मोजली, तवा तुमी ओसरीवर बसून चहा पेत व्हता!"

"तो मोजून राहिला व्हता. बघत न्हवता."

सपनाला बापाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि आत जाऊन फोन उचलला. ही अट नुसती खाली सरकवून भागणार नव्हतं. ती उपटूनच टाकायला हवी होती, आणि एखादी जुनी प्रत रत्नपालकडं असेल तर तीही.

रत्नपालनं पहिल्याच घंटीला उचलला. "बोल. आता काय चोरलं मी?"

"तुझ्याकडची फाइल पुसून टाक. आत्ताच."

"पुसून?" तो कडवट हसला. "तू मला हाकललंस, त्याच दिवशी माझ्याजवळ होती ती प्रत मी सगळ्यांसाठी सोडली. माझ्या नावानं. कर काय करायचं ते! शेकड्यांनी पोरं खेळून राहिलीत."

सपना मटकन खाली बसली. "ती अट वर व्हती?"

"असंल. अन् ऐक, तुझ्या ट्रिगरात घोळ हाय. सगळे सापडले तरी खेळ संपतच न्हाई. एक जण बाकी हाय म्हनतं. पोरं पार पिसाळली. जो तो त्या हळदीच्या खोलीतच हुडकून राहिला."

शेकडो मशिनी. प्रत्येक मशीन क्षणाक्षणाला त्या कडीच्या आत डोकावणारी.

"रत्न्या, काढ ते तिथून. पाया पडते तुझ्या."

"आता पाया पडतीस? काल काय काय बोललीस? मीच येतो उद्या. समोरासमोर बसून होऊ दे एकदाचं काय ते. रातच्या गाडीनं निघतो."

"येऊ नको!"

"माझं बी घर हाय ते!" तो ओरडला आणि फोन बंद झाला.

सपनानं लॅपटॉप ओढला. ती मधल्या खोलीत बसली होती, पडद्यावर पूर्व दिसायला हवी होती. दिसत होती पश्चिम. ती स्वयंपाकघरात गेली, अंगणात गेली. पश्चिम हलली नाही. तो आता तिच्याकडं बघत नव्हता. पश्चिमेला भिंत होती, तिच्यामागं शेतं, आणि त्यांच्याही पुढं, लांब कुठंतरी, पुणं.

७

सकाळी उठल्या उठल्या तिनं पाहिलं तर पडद्यावर दक्षिण होती. रत्नपालची ट्रॅव्हल्स नांदेडला पोचली असणार. ती फोन लावत राहिली. त्यानं उचलला तो वारंगा फाट्यावर उतरल्यावर. मागं गाड्यांचे हॉर्न आणि चहावाल्याची हाक ऐकू येत होती.

"रत्न्या, ऐक. तिथूनच माघारी जा. पैसे पाठवते."

"इतका राग हाय माझा?"

"राग न्हाई रे! खोलीत..."

"फाट्यावर आलेल्याला माघारी पाठवून राहिलीस, अन् राग न्हाई म्हनतीस? बाबाला सांग, पोरगा येऊन राहिला म्हनून."

पडद्यावर आता पूर्व होती. वारंगा फाटा पूर्वेलाच. खरं सांगितलं तर त्याला खोटं वाटणार, आणि रागावून बोललं तर तेच खरं वाटणार, हे तिला कळून चुकलं. इतकी वर्षं दोघं एकमेकांशी रागातच बोलत आले होते. दुसरी भाषाच उरली नव्हती.

तो आला तो ऑटोतून उतरून बॅग ओसरीवर आपटतच. शेषरावांना जय भीम केला, सपनाकडं पाहिलंसुद्धा नाही. "कुठं हाय तो घोळ? आख्खा ग्रुप मला शिव्या देऊन राहिला. आत काय हाय ते मीच बघतो."

"रत्नपाल!" शेषराव उठले. पण म्हाताऱ्याचे पाय आणि तरण्याचे पाय, बरोबरी कशी व्हावी? सपना दारात आडवी झाली. त्यानं तिला बाजूला सारलं, कडी काढली आणि तो आत गेला. दार त्याच्यामागं आपोआप टेकलं.

लॅपटॉप तिच्या हातात होता.

*आत: २.*

रत्नपाल गेममध्ये नव्हताच. तरी आकडा दोन.

"काई न्हाई हितं!" आतून त्याचा आवाज आला. पोती आपटल्याचा धप्प आवाज झाला. "नुसती पोती! येडी हायस तू, ताई, सगळं घर..."

वाक्य मध्येच थांबलं.

"रत्न्या, बाहेर नीघ! रत्न्या!"

दार उघडलं. रत्नपाल बाहेर आला. केसांवर, खांद्यांवर हळदीची धूळ. त्यानं मागं वळून शांतपणे दार ओढलं आणि कडी लावून घेतली. मग सपनाकडं बघून हसला.

तिनं पडद्याकडं पाहिलं.

*आत: २.*

८

"पाणी देतीस, ताई?" तो म्हणाला. आवाज त्याचाच. "लई ऊन हाय."

शेषराव तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी तो पुढं केला नाही. एक पाऊल मागं सरकले आणि भिंतीला टेकले.

"आत काय व्हतं?" सपनानं विचारलं.

"काई न्हाई. राग सोड तू आता. चूक माझीच होती."

हे शब्द रत्नपालच्या तोंडून तिनं जन्मात ऐकले नव्हते. तिनं त्याला पारखायला विचारलं, "अन् नकाशा कोणाचा?"

"तुझाच."

"मी नुसती बटणं दाबली ना?"

"न्हाई. समदं तूच केलं." तो तिच्याकडं मायेनं बघत होता. पापणी लवत नव्हती.

"तू हरामखोर हायस," ती ओरडली. "बापाला टाकून गेलास! आईच्या दिवसालाबी आला न्हाईस! भांड ना माझ्याशी! दे ना शिवी!"

"व्हय, ताई," तो मान हलवत म्हणाला. "खरं हाय तुझं."

तेवढ्यात बंद दारावर आतून धाडकन लाथ बसली. फळ्यांतून धूळ उडाली.

"कडी कोणी लावली?" रत्नपालचाच आवाज. तापलेला, फाटलेला. "ताई! उघड, न्हाई तर मोडतो! तुझ्या डोक्यात काय शेण भरलंय का? उघड म्हनतो ना! आत कोंडून मजा बघतीस?"

"सपे," शेषराव म्हणाले, "कडी लागलेली हाय. बघू नको."

"उघडू नको, ताई," शेजारचा रत्नपाल हळुवार म्हणाला. "तो मी न्हाई. तो आत असाच बरा. चल, जेवू या."

सपनानं लॅपटॉप जमिनीवर ठेवला. आतून लाथा चालूच होत्या. आणि शिव्याही. तिला देत होता, बापाला देत होता, त्या नकाशाला देत होता. कुठं जराही दया नाही, कुठं माफी नाही. ऐकता ऐकता तिला रडू फुटलं. इतका अस्सल राग कोणाला उसना आणता येईल, असं तिला वाटलं नाही. तिनं कडीला हात घातला.

"थांब रे, मुडद्या," ती म्हणाली. "आले."

आणि तिनं कडी ओढली.